नवा लॅपटॉप केव्हा येणार? : काही भाकितांची तपासणी

पंचांगात ग्रहणाची वेळ मिनिटापर्यंत दिलेली असते आणि ग्रहण त्या वेळी लागते. हवामान खाते उद्याच्या पावसाबद्दल बोलताना ‘शक्यता’ हा शब्द वापरते. तो का वापरावा लागतो हे आता बहुतेकांना माहीत आहे. या दोन्हींहून वेगळा असा भाकितांचा एक प्रकार गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चांगलाच फोफावला आहे. अमुक कंपनीचा नवा लॅपटॉप कधी येणार, त्यात कोणती चिप असणार, तो किती पातळ असणार, याविषयीचे लेख हा तो प्रकार. वरच्या वर्गांतले विद्यार्थी हे लेख आवडीने वाचतात. त्यांत चिप, नॅनोमीटर, गिगाहर्ट्झ असे शब्द असल्यामुळे ते विज्ञानविषयक लेखन आहे असेही समजले जाते. तेव्हा विज्ञानलेखन म्हणूनच त्यांची तपासणी करावी, असे आम्ही ठरवले.

हा नुसता करमणुकीचा विषय नाही. शाळेला कोणी देणगी देते, किंवा अनुदान ३१ मार्चच्या आत खर्च करायचे असते, आणि खरेदी समितीत कोणीतरी म्हणते, “जरा थांबा, दोन महिन्यांत नवे मॉडेल येतेय.” हे ‘दोन महिने’ आले कोठून, असे सहसा कोणी विचारत नाही. ते आलेले असतात अशाच एखाद्या लेखातून.

या लेखनाच्या इतिहासातले सर्वांत बोधप्रद प्रकरण एका कधीच न आलेल्या लॅपटॉपचे आहे. अ‍ॅपल कंपनीने जानेवारी २००१ मध्ये पॉवरबुक जी-४ हा लॅपटॉप आणला. जून २००३ मध्ये तिने पॉवर मॅक जी-५ हा टेबलावरचा, मोठ्या पेटीचा संगणक जाहीर केला. त्यात आयबीएमने बनवलेला नवा, बराच वेगवान प्रोसेसर होता. त्या वेळी या संगणकाचा कमाल वेग २ गिगाहर्ट्झ होता आणि स्टीव्ह जॉब्स यांनी व्यासपीठावरून सांगितले, की बारा महिन्यांत तो ३ गिगाहर्ट्झ होईल. मग प्रश्न आलाच : लॅपटॉपमध्ये जी-५ केव्हा?

याचे उत्तर शोधण्याची जी रीत लोकप्रिय झाली, ती अशी. आधीच्या पिढ्यांत काय घडले ते पाहायचे. जी-३ प्रोसेसरचे टेबलावरचे संगणक नोव्हेंबर १९९७ मध्ये आले आणि त्याच महिन्यात पॉवरबुकही आला. जी-४ टेबलावर आला ऑगस्ट १९९९ अखेर आणि लॅपटॉपमध्ये जानेवारी २००१ मध्ये, म्हणजे सोळा महिन्यांनी. तर जी-५ साठी जून २००३ मध्ये सोळा महिने मिळवा. ऑक्टोबर २००४ ही तारीख निघते. दोन नोंदींवर उभे केलेले हे गणित आहे, आणि त्या दोन नोंदीही एकमेकींशी जुळत नाहीत : एक शून्य, दुसरी सोळा. प्रयोगवहीत दोन वाचनांत एवढा फरक असता, तर आपण विद्यार्थ्याला सरासरी काढू दिली नसती. आधी फरक का पडला ते शोधायला लावले असते.

ते कारण शोधायला फार दूर जावे लागत नव्हते. पॉवर मॅक जी-५ ची पेटी उघडली की आत नऊ पंखे दिसत. नऊ! एखाद्या यंत्राला नऊ पंखे लागतात, तेव्हा त्या यंत्राने आपल्या प्रकृतीविषयी पुरेसे सांगितलेले असते. पुढे जून २००४ मध्ये २.५ गिगाहर्ट्झचे मॉडेल आले, तेव्हा प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी त्यात द्रव खेळवावा लागला. आणि कबूल केलेले ३ गिगाहर्ट्झ? ते बारा महिन्यांत आले नाहीत, नंतरही आले नाहीत. एप्रिल २००५ मध्ये गाडी २.७ पर्यंत पोचली. या सगळ्या गोष्टी गुप्त सूत्रांकडून कळलेल्या नव्हत्या. कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या होत्या.

यामागचे भौतिकशास्त्र अकरावी-बारावीच्या वर्गात सहज सांगता येईल. चिपमधील प्रत्येक सूक्ष्म स्विच चालू-बंद होताना एक लहानसा धारित्र भरतो आणि रिकामा होतो. त्यात खर्च होणारी शक्ती ही धारिता, व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. आता वेग २ वरून ३ गिगाहर्ट्झवर न्यायचा आहे असे समजा, म्हणजे वारंवारता दीडपट. तेवढ्या वेगाने स्विच चालावेत म्हणून व्होल्टेज दहा टक्के वाढवावे लागले असे धरा. १.१ चा वर्ग १.२१, त्याला दीडने गुणले की १.८१५. वेग दीडपट, पण उष्णता सुमारे १.८ पट. याखेरीज स्विच बंद असतानाही थोडा प्रवाह झिरपत राहतो. त्याच काळात चिप बनवण्याची पद्धत १३० नॅनोमीटरवरून ९० नॅनोमीटरवर गेली, आणि स्विच जितके बारीक तितकी ही गळती जास्त, असा अनुभव बहुतेक सर्वच चिप उत्पादकांना तेव्हा आला. ‘चिप लहान झाली की गार होते’ हे तोवरचे सोयीचे सूत्र तिथे अडखळले.

लॅपटॉपच्या बाजूनेही हिशेब करून पाहू. बॅटरी ५० वॅट-तासांची आहे आणि ती पाच तास पुरायला हवी, तर पडदा, डिस्क, प्रोसेसर, सगळे मिळून सरासरी १० वॅटमध्ये भागवायला हवे. एकट्या प्रोसेसरलाच २५ वॅट लागले, तर बाकी काही न चालवताही बॅटरी दोन तासांत संपेल. शिवाय ते २५ वॅट उष्णतेच्या रूपाने तीन सेंटीमीटरहून कमी जाडीच्या पेटीतून बाहेर काढायचे, आणि ती पेटी माणसाच्या मांडीवर असणार. ऑगस्ट २००४ मध्ये आयमॅक जी-५ आला. त्याची जाडी पाचेक सेंटीमीटर होती. पाच सेंटीमीटरमध्ये मावला, तर तीनमध्येही मावेल, अशी आशा त्यामुळे वाढली. पण आयमॅक भिंतीच्या प्लगला जोडलेला असतो. जाडीची तुलना करताना हा मुद्दा सुटला की सगळाच हिशेब चुकतो.

जानेवारी २००५ मध्ये अ‍ॅपलचे टिम कुक यांनी गुंतवणूक विश्लेषकांशी बोलताना सांगूनच टाकले, की जी-५ पॉवरबुकमध्ये बसवणे हे उष्णतेच्या दृष्टीने अतिशय अवघड आव्हान आहे. तरीही वाट पाहणे थांबले नाही. ‘पॉवरबुक जी-५, येत्या मंगळवारी’ असा एक विनोदच ग्राहकांमध्ये रूढ झाला होता, कारण ही कंपनी नवी मॉडेले बरेचदा मंगळवारी जाहीर करीत असे. ६ जून २००५ रोजी जॉब्स यांनी जाहीर केले, की कंपनी आपले सर्व संगणक इंटेलच्या प्रोसेसरवर नेणार आहे. ३ गिगाहर्ट्झचे आणि जी-५ पॉवरबुकचे अपयश त्यांनी त्याच भाषणात मान्य केले. कारण म्हणून त्यांनी वेगाचा नव्हे, तर दर वॅटमागे मिळणाऱ्या कामाचा आकडा दिला : भविष्यातील पॉवरपीसीसाठी १५ एकक, इंटेलसाठी ७०. हे आकडे विक्रेत्याचे आहेत, ते जपूनच घ्यावेत. पण प्रश्न कोठे अडला होता हे त्यांतून स्पष्ट होते. १० जानेवारी २००६ रोजी मॅकबुक प्रो आला, इंटेलचा प्रोसेसर घेऊन. गंमत म्हणजे पहिले इंटेल संगणक पुढच्या जूनपर्यंत येतील असे कंपनीने सांगितले होते. ते त्याच्या पाच महिने आधीच आले.

भौतिकशास्त्र वापरले असते तर अचूक तारीख सांगता आली असती, असे आमचे म्हणणे नाही. जुलै २००५ मध्ये आयबीएमने त्याच प्रोसेसरची कमी वीज घेणारी आवृत्ती जाहीर केली. म्हणजे गोष्ट अशक्य नव्हती. फक्त फार उशीर झाला होता आणि ग्राहक निघून गेला होता. पण दोन विधानांतला फरक पाहा. ‘ऑक्टोबर २००४ मध्ये येईल’ हे एक. ‘दर वॅटमागे काम वाढल्याची खूण दिसेपर्यंत येणार नाही, आणि ती खूण अजून दिसत नाही’ हे दुसरे. दुसऱ्यात तारीख नाही, म्हणून ते मथळ्यात शोभत नाही. पण त्यात कारण आहे, आणि ते खोटे कसे ठरवायचे हेही त्यातच सांगितलेले आहे. खरेदीदाराच्या कामाचे तेच होते.

सरासरीच्या रीतीकडे पुन्हा एकदा वळू, कारण ती आजही सर्रास वापरली जाते. मागची मॉडेले किती दिवसांच्या अंतराने आली त्याची सरासरी काढायची आणि शेवटच्या मॉडेलला आज किती दिवस झाले ते पाहून ‘घ्या’ किंवा ‘थांबा’ असा सल्ला द्यायचा. अ‍ॅपलच्याच वरच्या दर्जाच्या मॅकबुक प्रोच्या तारखा घेऊ : १८ ऑक्टोबर २०२१, १७ जानेवारी २०२३, ३० ऑक्टोबर २०२३, ३० ऑक्टोबर २०२४. मधली अंतरे ४५६, २८६ आणि ३६६ दिवसांची. सरासरी ३६९, म्हणजे जवळजवळ नेमके एक वर्ष! एवढी सुबक सरासरी पाहून कोणालाही वाटेल, की नियम सापडला. पण तीनपैकी दोन अंतरे त्या सरासरीपासून सुमारे तीन महिन्यांनी दूर आहेत, एक पुढे, एक मागे. २०२२ च्या शरद ऋतूत नवे मॉडेल येणार, असे त्या वर्षी सर्वत्र छापून आले होते; ते दिवाळीतही आले नाही आणि नाताळातही नाही. सरासरी शिकवताना प्रसरण का शिकवायचे, याला इतके चांगले आणि मुलांच्या आवडीचे उदाहरण आम्हाला दुसरे सापडलेले नाही. सरासरीवर बेतलेला सल्ला देणारे हे तक्ते प्रसरणाचा आकडा देत नाहीत, ही आमची त्यांच्याविषयीची मुख्य तक्रार आहे. दिला असता, तर ‘थांबा’ हा सल्ला बरेचदा ‘सांगता येत नाही’ असा वाचावा लागला असता.

दुसरी रीत सुटे भाग बनवणाऱ्यांच्या वेळापत्रकावरून अंदाज बांधण्याची. ही सरासरीपेक्षा निश्चितच बरी, कारण तिच्यात कार्यकारणसंबंध आहे : चिप आल्याशिवाय लॅपटॉप येत नाही. इंटेलने २००७ च्या सुमारास एक लय ठरवली होती. एका वर्षी चिप बारीक करायची, पुढच्या वर्षी तिची रचना सुधारायची. काही वर्षे ही लय इतकी नीट चालली, की तिच्यावरून लॅपटॉपची भाकिते करणाऱ्यांचे फावले. मग ती मोडली. १४ नॅनोमीटरच्या चिप्स उशिरा आल्या. जुलै २०१५ मध्ये इंटेलने सांगितले, की १० नॅनोमीटरच्या चिप्स २०१७ च्या उत्तरार्धावर गेल्या आहेत. प्रत्यक्षात लॅपटॉपमध्ये त्या मोठ्या प्रमाणावर २०१९ मध्ये दिसल्या. कारखाना ज्याचा, अभियंते ज्याचे, त्यालाच आपल्या चिपची तारीख दोन-दोन वर्षांनी चुकवावी लागते. अशा स्थितीत बाहेरून लिहिणाऱ्याने महिना आणि आठवडा सांगावा, हे जरा धाडसाचेच म्हटले पाहिजे.

ग्रहणाशी तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवायला हवा. चंद्र पंचांग वाचत नाही. कंपन्या आणि ग्राहक मात्र भाकिते वाचतात आणि त्यानुसार वागणे बदलतात. याची जुनी कथा ऑस्बोर्न संगणकाची. एप्रिल १९८१ मध्ये आलेला ऑस्बोर्न-१ हा उचलून नेता येईल असा संगणक होता; वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंची. त्याचे निर्माते अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले आणि २००३ मध्ये त्यांचे निधनही कोडाईकनाल येथेच झाले. १९८३ मध्ये त्यांच्या कंपनीने पुढच्या मॉडेलची आगाऊ वाच्यता केली, लोकांनी जुने घेणे थांबवले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, असे सांगितले जाते. ही कथा जरा अतिसुबक आहे. त्याच सुमारास नऊ इंची पडद्याचा केप्रो हा प्रतिस्पर्धी बाजारात होता, आणि कंपनीचा कारभारही ढिसाळ होता असे म्हणणारे आहेत. पण कंपन्यांनी या कथेतून जो धडा घ्यायचा तो घेतला : पुढच्या मॉडेलविषयी अवाक्षर काढायचे नाही. ही शांतता भरून काढायला भाकिते पुढे सरसावली. २०१७ च्या मे महिन्यात टिम कुक यांनी पुढच्या आयफोनविषयीच्या बातम्यांमुळे लोक खरेदी थांबवतात असे जाहीरपणे म्हटले, तेव्हा हे चक्र पूर्ण झाले.

या लेखनाच्या भाषेबद्दलही दोन शब्द. ‘येण्याची शक्यता आहे’, ‘लवकरच’, ‘या वर्षात कधीतरी’, ‘सूत्रांच्या मते’ ही त्याची ठरलेली पदे. हवामानशास्त्रज्ञाची ‘शक्यता’ मोजलेली असते; तो सत्तर टक्के म्हणाला, तर अशा शंभर दिवसांपैकी सुमारे सत्तर दिवस पाऊस पडावा, अशी त्याची जबाबदारी असते. लॅपटॉपवाल्या लेखातली ‘शक्यता’ ही पळवाट असते. मॉडेल आले, तर ‘आम्ही आधीच सांगितले होते’. नाही आले, तर ‘लांबणीवर पडले’. जी वस्तू कंपनीने कधी जाहीरच केली नव्हती, ती लांबणीवर कशी पडते, हे कोडे आम्हाला उलगडलेले नाही. लांबणीवर पडते ते भाकीत.

मात्र सगळ्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. काही लेखक तारखेपेक्षा पुराव्याला महत्त्व देतात. उदाहरणार्थ, रशिया ज्यात आहे त्या युरेशियन आर्थिक संघात सांकेतिकीकरणाची सोय असलेली उपकरणे विकण्यापूर्वी नोंदवावी लागतात. या नोंदी सार्वजनिक असतात आणि त्यांत नवे मॉडेल क्रमांक बरेचदा काही आठवडे आधी दिसतात. ‘अमुक क्रमांक नोंदवला गेला आहे, यापलीकडे ठाऊक नाही’ असे लिहिणारा आमच्या मते चांगला विज्ञानवार्ताहर आहे. असे लेख आखूड असतात आणि त्यांत थरार नसतो.

आणि खरेदी समितीचे काय? थांबण्याचीही किंमत असते, आणि कोणत्याही भाकितात ती धरलेली नसते. दहा लॅपटॉप तीन महिने उशिरा आले, तर प्रत्येकी किती तासिका बुडाल्या, हे शाळेलाच मोजता येईल. नवे मॉडेल आल्यावर जुन्याची किंमत उतरेल हा फायदा त्यातून वजा करावा. आमच्या समजुतीप्रमाणे शाळेत होणाऱ्या कामासाठी, म्हणजे लेखन, हिशेबाचे तक्ते, प्रोग्रॅमिंगची ओळख, चित्रफिती यांसाठी, एका पिढीचा फरक क्वचितच जाणवतो. अनुदान मात्र ३१ मार्चला परत जाते, आणि ते भाकीत कधी चुकल्याचे ऐकिवात नाही.

नववी ते बारावीच्या कोणत्याही वर्गात करता येईल असा एक उपक्रम सुचवतो. जूनमध्ये विद्यार्थ्यांना लॅपटॉपविषयीची दहा भाकिते गोळा करायला सांगावीत. प्रत्येक भाकीत ‘३१ डिसेंबरपूर्वी घडेल किंवा घडणार नाही’ अशा स्वरूपात लिहून घ्यावे. ज्याचे असे रूपांतर होऊच शकत नाही, ते वेगळे काढून ठेवावे. हा गठ्ठा बराच मोठा होईल. उरलेल्यांपैकी प्रत्येकाची शक्यता किती, हे मुलांनी शून्य ते एक यांमधील संख्येने लिहावे आणि पाकीट बंद करावे. जानेवारीत ते उघडून गुण द्यावेत. यासाठी ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने १९५० मध्ये सुचवलेली पद्धत सोपी आहे : घटना घडली तर १, नाही तर ०, त्यातून सांगितलेली शक्यता वजा करून वर्ग करायचा, आणि सगळ्यांची सरासरी काढायची. कमी गुण तो चांगला. ०.९ म्हणणाऱ्याचे खरे ठरले, तर ०.०१, खोटे ठरले, तर ०.८१. प्रत्येक वेळी ०.५ लिहिणाऱ्याला काहीही घडले तरी ०.२५ मिळतात. ही युक्ती वर्गातला कोणीतरी पहिल्याच दिवशी शोधून काढील. त्याला अडवू नये. मासिकांतल्या किती भाकितांना त्याच्यापेक्षा कमी गुण मिळतात, ते जानेवारीत त्यालाच मोजायला द्यावे.